कृपा, दया आणि मजुरीचा हिशेब

ख्रिस्ती धर्मविचारात दया आणि कृपा यांचा उल्लेख पुष्कळदा जोडीने होत असला, तरी दोषी माणसाची रास्त शिक्षा माफ करणे ही दया आणि त्याने न कमावलेले दान त्याच्या पदरात टाकणे ही कृपा, असा भेद सामान्यतः केला जातो. मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन दाखल्यांत, म्हणजे येशूने शिकवणुकीसाठी सांगितलेल्या कथांत, हा भेद उघड दिसतो. अठराव्या अध्यायातील चाकर राजाचे दहा हजार तालांत देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज, हे ध्यानात घेतले की ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, म्हणजे हयातभर राबूनही न फिटणारे ठरते. राजा ते सोडून देतो. परंतु तोच चाकर आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो, तेव्हा राजा आपली माफी मागे घेतो. दया घेणाऱ्यावर दया करण्याचे बंधन येते, ही या कथेतील अवघड बाजू होय. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी अखेरचा तासभर राबलेल्यालाही पूर्ण रोज देतो आणि पहाटेपासून खपलेले कुरकुरतात. त्यांचे गाऱ्हाणे व्यवहाराला धरूनच आहे, आणि म्हणूनच ही कथा आजही बोचते.

कृपेच्या या दानात माणसाचा वाटा किती, यावरून मात्र मोठा वाद माजला. पाचव्या शतकाच्या आरंभी, मूळच्या ब्रिटनच्या आणि रोममध्ये राहिलेल्या पेलाजियसने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने ईश्वराच्या आज्ञा पाळू शकतो असे मांडले, तर उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी चांगले वागण्याची इच्छासुद्धा कृपेतूनच उपजते असा आग्रह धरला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर यांनी माणूस केवळ श्रद्धेने नीतिमान ठरतो, म्हणजे ईश्वरापुढे निर्दोष गणला जातो, असे प्रतिपादले, तर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य करूनही तिला माणसाचा मुक्त होकार आवश्यक मानला. भांडणाचा आवाज जितका मोठा होता, तितके अंतर बहुधा नव्हते. कारण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून नीतिमान ठरण्याच्या या सिद्धांताच्या मूलभूत सत्यांबाबत एकमत नोंदवले. वाचकांनी मत्तयचे हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचावेत आणि कुरकुरणाऱ्या मजुरांची बाजूही मनापासून ऐकावी.