नाच कुणासाठी?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो,

मुलगी वयात आली की तिला मिळणाऱ्या सूचना आपल्याला पाठ आहेत. पाय जुळवून बस, खाली बघून चाल, मोठ्यानं हसू नकोस. त्या इतक्या अंगवळणी पडतात की तिचा स्वभावच वाटू लागतात. मग किशोरी गटात आपण तिला म्हणतो, मत मांड. अंगच आक्रसलेलं असेल तर आवाज कसा फुटणार?

म्हणून आमच्या वस्तीतल्या गटात आम्ही सर्जक नृत्याचा तास सुरू केला. यात ठरलेल्या स्टेप्स नसतात. रुडॉल्फ लाबान यांनी १९४८ साली 'मॉडर्न एज्युकेशनल डान्स' या पुस्तकात हालचालीकडे बघण्याची सोपी रीत मांडली: जड की हलकी, वेगानं की सावकाश, सरळ की वळणावळणाची, मोकळी की आवरलेली. आम्ही मुलींना म्हणतो, भरलेली कळशी घेऊन चाला. आता रिकामी घेऊन चाला. नकोसा माणूस जवळ येतोय, त्याला थांबवा.

सुरुवातीला सगळ्यांची कोपरं बरगड्यांना चिकटलेली असायची. 'थांब' म्हणणारा हात छातीपुढे जात नसे. काही महिन्यांनी तो लांब झाला, नजरही वर आली. पुढे एकीनं घरी सांगितलं, इतक्यात लग्न करायचं नाही. हे नाचामुळेच घडलं असं मी म्हणणार नाही. गटातल्या मैत्रिणींचा आधार होता. पण बोलण्याआधी आपण पाय रोवून उभ्या राहिलो होतो, हे तिनं आवर्जून सांगितलं.

आयांनी विचारलंच, आमच्या पोरींना नाचायला लावता? हा प्रश्न उडवून लावू नका. नाचणारी बाई म्हणजे चवचाल, ही समजूत जातीच्या उतरंडीतून आली आहे. २००५ साली राज्यात डान्सबारबंदी आली. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. आपल्या चळवळीतही त्यावर दोन मतं होती. आम्ही आयांना उलट विचारलं, पंचमीला, गौरींपुढे तुम्ही फुगड्या घालायचात तेव्हा बघायला कोण असायचं? त्या हसल्या. बघणारं कुणी नसायचं, सगळ्या खेळणाऱ्याच!

तासाचे नियम त्यातूनच ठरले. दाराला कडी. आरसा नाही. मोबाइलवर चित्रण नाही. स्पर्श करण्याआधी विचारायचं. जिला बसून राहावंसं वाटेल तिनं बसावं. वर्धापनदिनाला कार्यक्रम बसवायचा नाही, पाहुणे कितीही मोठे असोत. बघणारे आले की मुलगी पुन्हा दुसऱ्याच्या नजरेनं स्वतःला बघू लागते.

आणखी एक. अंग मोकळं झालं की दडपलेलं बोलणंही बाहेर येतं. अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. हे पहिल्याच तासाला सांगा, आणि समुपदेशक, वकील ताई आधीच शोधून ठेवा. कोलकाता संवेद ही संस्था २००४ पासून मानवी व्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्यातून काम करते आहे. तिच्याकडून शिकता येईल.

तर पुढच्या वर्षाचं नियोजन करताना आठवड्यातला एक तास आणि आतून बंद होणारी एक खोली मुलींच्या नावानं लिहा. अहवालाला फोटो मिळणार नाहीत, हे देणगीदारांनाही आपणच सांगायचं आहे.