मेळघाटचे अन्न मेळघाटातच



लक्षद्वीपच्या बेटांवर तांदूळ मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक विस्कळीत होते. मात्र कुपा मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून साठवण्याची विद्या तेथील समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. त्यामुळे बाहेरचे धान्य लांबले तरी घरचे काहीतरी शिल्लक असते.

असेच एक बेट आपल्या वऱ्हाडातही आहे. त्याला समुद्राने नव्हे, तर सातपुड्याच्या डोंगरदऱ्यांनी वेढलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. सिपना, खंडू, खापरा या नद्यांना पूर आला की आतील कित्येक गावांची वाट तुटते. १९९३ साली येथील बालमृत्यूंच्या वृत्तांनी महाराष्ट्राचे अंतःकरण हेलावले. पुढे नवसंजीवन योजनेखाली दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वीच धान्य पोहोचवून ठेवण्याची व्यवस्था झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला.

ही व्यवस्था हवीच. परंतु पोत्यातून येते ते मुख्यतः गहू-तांदूळ. मासा, अंडे, हिरवी भाजी पोत्यातून येत नाही. पोट भरते; बालकाचे अंग भरत नाही.

कोरकू बांधवांचे परंपरागत अन्न असे एकांगी नव्हते. उताराच्या हलक्या जमिनीत कोदो, कुटकी, सावा पिकत असे. कुटकी लवकर हाती येते. ऐन टंचाईत रिकामी कणगी तीच प्रथम भरते. कोदो नीट वाळवला तर वर्षानुवर्षे टिकतो. वाळवण्यात हयगय झाली, बुरशी धरली, तर मात्र तो विषारी ठरू शकतो. म्हणजे केवळ बियाणे जपून भागत नाही, त्यामागचे ज्ञानही जपावे लागते.

हे धान्य मागे का पडले? सोयाबीनने रोख पैसा दिला, हे एक कारण. दुसरे कारण भाषणांतून क्वचितच सांगितले जाते. कुटकीचे टणक टरफल काढण्यासाठी घरच्या स्त्रीला तासन्‌तास कांडत बसावे लागते. रेशनचा तांदूळ थेट चुलीवर चढतो. दिवसभर शेतात राबणाऱ्या मातेने तो निवडला, तर तिला दोष कोण देणार? तेव्हा परंपरेच्या गौरवापेक्षा गावात कांडणयंत्र येणे अधिक मोलाचे आहे.

मासळीचेही तसेच. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील नद्यांत मासेमारीला मनाई आहे. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने, जेथे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत, तेथे जलाशयांतील मासळीवर ग्रामसभेचा अधिकार मानला आहे. ज्या गावतळ्यात होळीपर्यंत पाणी टिकते, तेथे पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडता येते. मजुरीसाठी परगावी गेलेली कुटुंबे होळीला घरी परततात, तेव्हा तळ्यातील मासा त्यांच्या ताटात पडेल.

गाव संघटित झाले की काय घडते, हे मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने दाखवले आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामस्थांनी उजाड जंगल राखले, सीताफळाची विक्री स्वतः हाती घेतली आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला.

आता आपले कर्तव्य. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून वऱ्हाडच्या शेतीची सेवा करीत आहे. कोदो-कुटकीचे शुद्ध बियाणे कोरकू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचावे, असा आग्रह आपण तेथे धरू शकतो. अमृत आहार योजनेत २०१५ पासून गर्भवती मातांना चौरस आहार दिला जातो आणि पुढे बालकांनाही अंडी किंवा केळी दिली जाऊ लागली. ती अंडी गावातल्याच कोंबड्यांची का नसावीत? आणि अमरावती-अकोल्याच्या घराघरांत महिन्याला दोन किलो कुटकी विकत घेतली गेली, तर तिच्या पेऱ्याला बाजाराचा आधार मिळेल. मात्र एक पथ्य पाळावे. कोरकू मुलाच्या ताटातले काढून आपले ताट सजवू नये. त्याचे घर भागल्यावर उरेल, तेवढेच आपण घ्यावे.