किनाऱ्यावर बसलेली आई

मी वडनेर भोलजीहून बोलते आहे. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरचं आमचं गाव, कापूस-सोयाबीनचं. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरीही आज मी तुम्हाला समुद्रातल्या एका खेळाबद्दल सांगणार आहे. लांब फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याकडे यायचं, असा हा खेळ. त्याला सर्फिंग म्हणतात.

हाच विषय मी गटाच्या बैठकीत काढला, तेव्हा आमच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, इथं उन्हाळ्यात नळाले पाणी येत नाही, अन् तुम्ही समुद्राचं काय सांगून राहिल्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्याच मावशींच्या नातीपायी मला हा विषय सुचला होता. ते शेवटी सांगते.

आपल्या मुंबईची एक मुलगी, इशिता मालवीय. 2007 साली ती शिकायला कर्नाटकात मणिपालला गेली. तिथून जवळच मुल्की गावी एका आश्रमात काही अमेरिकन साधक लाटांवर सर्फिंग करायचे. त्यांच्याकडून इशिता आणि तिचा मित्र तुषार पथियान हा खेळ शिकले. पुढे दोघांनी 'शाका सर्फ क्लब' काढला, आणि उडुपी जिल्ह्यातल्या कोडी बेंगरे या गावात मुक्काम ठोकला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर मच्छीमारांची घरं, असं ते गाव.

आपल्याला वाटतं, समुद्राकाठच्या लोकांना पाण्याची कसली भीती? पण समुद्र त्यांना पोटाला देतो, तसा घरातला माणूसही नेतो. म्हणून मुलांना आधी हेच शिकवलं जातं की लाटेपासून लांब राहा. मुलींना तर आणखी एक कारण. उन्हात पोरगी काळी पडेल, मग लग्न कसं जमेल? इशिताला स्वतःलाही हे ऐकावं लागलं आहे. हे वाक्य आपल्याकडच्या शेतातही ऐकू येतं, नाही का?

अशा गावात खेळ रुजतो कसा? नुसत्या फळ्या आणून रुजत नाही. आमच्याच भागातल्या एका गटाला एकदा शिलाई यंत्रं मिळाली होती. फोटो निघाले, पेढे वाटले. शिकवायला कोणी आलं नाही. यंत्रांवर अजून चादर आहे. वस्तू आली म्हणजे काम उभं राहिलं, असं होत नाही.

चेन्नईजवळच्या कोवलम गावाचं पाहा. तिथं मूर्ती मेगावन नावाचे एक मच्छीमार आहेत. ते स्वतः फळीवर उभं राहायला शिकले आणि गावातल्या पोरांना फुकट शिकवू लागले. 2012 मध्ये अरुण वासू या उद्योजकाच्या साथीनं तिथं रीतसर शाळा उभी राहिली. पैसा बाहेरून आला हे खरं, पण शिकवणारा हात गावातलाच होता. ज्याच्या बापाला, काकाला आपण ओळखतो, त्याच्या हाती आई पोराला सोपवते. पाहुण्याच्या हाती सोपवत नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. केरळमध्येही कोवलम नावाचं एक गाव आहे. तिथं 2005 मध्ये सर्फ क्लब सुरू झाला, तो शाळा सुटलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या आधारानं. नियम एकच. शाळेत गेलास तर फळी मिळेल, नाही तर नाही. त्याच क्लबात रमेश बुदिहाल हा मुलगा घडला. त्याचे आईवडील पोटासाठी कर्नाटकातून तिथं आलेले. ऑगस्ट 2025 मध्ये तमिळनाडूत महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली आणि रमेशनं कांस्यपदक मिळवलं. आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत भारताला वैयक्तिक पदक त्याआधी कधीच मिळालं नव्हतं.

पाण्यातही नियम असतो. लाट जिथं फुटायला लागते, तिच्या सगळ्यांत जवळ जो असेल, ती लाट त्याची. दुसऱ्यानं मध्ये घुसायचं नाही, नाही तर फळ्या एकमेकांच्या डोक्यात बसतात. आणि फळ्या कमी, पोरं जास्त असली तर आळीपाळीनं. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या पेटीत पैसे थोडे आणि गरजू दहा जणी. मग आधी कुणाला, हे आपण बैठकीतच ठरवतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही आपली पंचसूत्री. गट टिकतो तो या शिस्तीवर. किनाऱ्यावरचा गटही तसाच टिकतो. शिकलेलं पोरगं मोठं होऊन शिकवायला लागतं, त्यातून चार पैसे कमावतं. कुणी फळ्या दुरुस्त करतं, कुणी पाहुण्यांना जेवू घालतं. हे सगळं गावच्या हातात राहिलं तर खेळ गावाचा. नाही तर किनारा गावाचा आणि कमाई दुसऱ्याची.

तिसरी गोष्ट मुलींची. महाबलीपुरमची कमली मूर्ती लहानपणापासून लाटांवर खेळली आणि पुढे देशपातळीवरच्या स्पर्धा जिंकली. तिच्यावर निघालेला लघुपट 2020 मध्ये इंग्लंडच्या बाफ्टा पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचला. पण त्या लघुपटात कमलीइतकीच तिची आई सुगंती आहे. मुलांना एकटीनं वाढवणारी. लोक बोलत होते, तरी तिनं मुलीला थांबवलं नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बायका स्वतःच पाण्यात उतरल्या आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्या स्वतः मारतात, माहिती स्वतः सांगतात. त्याही तुमच्या-माझ्यासारख्याच, गटातल्या बाया.

आता मावशींच्या नातीची गोष्ट. तिला पोलीस भरतीची तयारी करायची आहे. मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्यासाठी पहाटे मैदानावर जायला हवं. घरून नकार होता. अंधारात एकटी पोरगी, लोक काय म्हणतील? मावशींचंही तेच म्हणणं होतं, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती.

त्या बैठकीत मी समुद्राची गोष्ट पुरी केली आणि विचारलं, "मावशी, एकटी नको ना? मग आपण दोघी-दोघी आळीपाळीनं मैदानावर जाऊन बसलो तर?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून एक सून म्हणाली, "सोमवारी मी येतो." मंगळवार दुसरीनं घेतला. आमच्या नोंदवहीत बचतीच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला गेला. मैदानावर कोण बसणार त्याचा.

पहिल्या आठवड्यात नात एकटीच धावली. आज पाच मुली धावतात. भरतीत कोण लागेल ते मला सांगता येणार नाही. पण परवा पहाटे मी गेले, तर मावशी शाल पांघरून दगडावर बसलेल्या. हातात नातीची पाण्याची बाटली. त्या दिवशी त्यांची बारीही नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "झोप येत नव्हती, म्हणून आलो."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात समुद्र नसेल, पण पाऊल टाकायला घाबरणारी एखादी मुलगी नक्की असेल. पुढच्या बैठकीत तिचं नाव घ्या. आणि तिच्यासाठी कोण कोणत्या दिवशी बसणार, तेही त्याच बैठकीत लिहून टाका.