पराभव आणि श्रद्धा



आमच्या धाराशिव जिल्ह्यांत खो-खोचें प्रेम फार. संरक्षण करणारा गडी आपण केव्हांतरी बाद होणार हें जाणूनच मैदानांत उतरतो. तरी तो किती वेळ टिकला, याची नोंद घड्याळ लावून ठेवतात. बाद होण्यापूर्वींच्या खेळालाहि मोल असतें. हें ध्यानांत ठेवून एका अवघड प्रश्नाकडे वळूं. श्रद्धावान ख्रिस्ती खेळाडू प्रार्थना करून खेळला आणि हरला, तर देवानें त्याचें ऐकलें नाहीं, असें समजावयाचें काय?

सांगलीस १९१५ सालीं जन्मलेले विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती होते. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईस ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी क्रिकेटचा अंतिम सामना झाला. या स्पर्धेंत संघ धर्मावरून पाडलेले असत. ख्रिस्ती, ज्यू इत्यादींचा संघ ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांचा! हिंदु संघानें ५ गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. रेस्ट संघ १३३ धावांत संपला. पुन्हां खेळतांना संघाच्या ३८७ धावा झाल्या; पैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं ३०० धावांच्या भागींत अवघ्या २१ काढून दुसरी बाजू लावून धरली. तरीहि पराभव झाला, एक डाव व ६१ धावांनीं.

जय हाच श्रद्धेचा दाखला मानला, तर त्या दिवशीं एका धर्मानें दुसऱ्यास जिंकलें, असें म्हणावें लागेल. खेळांत विष कालवणारा विचार तो हाच. महात्माजींनीं १९४० सालीं या सामन्यांविषयीं नापसंती दर्शविली होती. १९४६ सालीं ते बंद पडले.

पुढें १९४८ च्या जानेवारींत ॲडलेडच्या कसोटींत हजाऱ्यांनीं ११६ व १४५ अशीं दोन्ही डावांत शतकें काढलीं. भारत एक डाव व १६ धावांनीं हरला. भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखालीं मिळाला, परंतु तो १९५२ सालीं, मद्रासला. त्या विजयामुळें आधींच्या खेळी मोठ्या ठरल्या नाहींत; त्या होत्याच.

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना धावण्याच्या शर्यतीचा दृष्टांत घेतला आहे. शर्यतींत बक्षीस एकालाच. पण तो ज्या अविनाशी मुकुटाविषयीं बोलतो, तो एकापुरता राखून ठेवलेला नाहीं. त्यासाठीं शेजाऱ्यानें हरण्याची गरज नाहीं. तेथें कसोटी लागते ती संयमाची.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. सरावाचा आळस करून ‘देवाची इच्छा’ म्हणणें ही श्रद्धा नव्हे, पळवाट होय. तसेंच प्रत्येक हारेला क्रूसाची उपमा देणेंहि अतिरेकाचें. खेळांतील हार लहान दुःख आहे. म्हणूनच तें मुलांना सोसावयास शिकवितां येतें. ज्या धर्माच्या केंद्रस्थानीं जगाच्या दृष्टीनें पराभूत झालेला पुरुष आहे, त्याच्या अनुयायांना तरी हरलेल्याची लाज वाटूं नये.

तेव्हां आईबापांना माझी विनंति एवढीच: मूल हरून घरीं आलें, तर त्याला रडूं द्या. मग विचारा, ‘शेवटपर्यंत खेळलास ना? जिंकणाऱ्याचा हात हातांत घेतलास ना?’ उत्तर होकारार्थी असेल, तर रात्रींच्या प्रार्थनेंत आभार मानण्यासारखें पुष्कळ आहे.