विक्रेत्याचें भांडवल

बारावीचा निकाल लागला, म्हणजे पुष्कळ घरांत एक प्रश्न उभा राहतो. पुढील शिक्षणाची ऐपत नाहीं किंवा ओढ नाहीं, असा अठरा वर्षांचा मुलगा 'विक्रीचें काम पत्करतों' म्हणाला, कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. 'दारोदार फिरण्यासाठीं का याला शिकविला?' असा उद्गार निघतो. नोकरी म्हणजे प्रतिष्ठा आणि विक्री म्हणजे आर्जव, ही समजूत जुनी आहे. परंतु ती खरी आहे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली घेऊन बेळगांवीं पाठवीत व त्यांचे बंधू रामचंद्रराव त्या तेथें विकीत. हें वाहन इतकें नवें होतें, कीं गिऱ्हाइकास तें चालविण्यासहि विकणाऱ्यानेंच शिकवावें लागे. पुढें लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले थोडेसे नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. यांत आर्जव कोठें आहे? आधीं माल चोख करावा, मग त्याचा उपयोग धीरानें पटवून द्यावा, हीच खरी विक्री.

आजच्या तरुणाची कसोटी निराळ्या ठिकाणीं लागते. विम्याच्या एजंटाचें काम घ्या. दहावी उत्तीर्ण व अठरा वर्षें पूर्ण झालेल्यास प्रशिक्षण व परीक्षेनंतर तें करतां येतें. त्याचीं पहिलीं गिऱ्हाइकें म्हणजे मामा, मावशी आणि शेजारी. आयुर्विम्याच्या पुष्कळ योजनांत कमिशनचा मोठा वांटा पहिल्या वर्षींच मिळतो. म्हणून ज्या मावशीस पुढील हप्ते झेपणार नाहींत, तिच्याहि गळ्यांत मोठी पॉलिसी बांधण्याचा मोह होतो. हप्ते लवकर थांबले तर तिला भरलेल्या पैशांपैकीं बराच भाग गमवावा लागतो. स्वतःच्या कमिशनांतून गिऱ्हाइकास सूट देण्याचा दुसरा मोह. त्यास तर १९३८ च्या विमा कायद्यानेंच मनाई केली आहे. एका हंगामाची कमाई हातीं येते. पण आप्तांचा विश्वास जातो, आणि तो बाजारांत विकत मिळत नाहीं.

म्हणून काम पत्करण्यापूर्वीं मुलानें व पालकांनीं एकत्र बसून कांहीं गोष्टी पारखाव्या. पगार किती, कमिशन किती आणि प्रवासखर्च कोणाचा, हें लेखी घ्यावें. नोकरी देण्यासाठीं जो उलट पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावें. मिळकत माल विकून होणार, कीं नवीं माणसें ओढून आणून, हेंहि विचारावें. साखळी पद्धतीच्या अशा योजनांवर १९७८ चा कायदा व थेट विक्रीचे २०२१ चे नियम या दोहोंनीं बंदी घातली आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत सोपा आहे: हा माल आपण आपल्या आईस घ्यावयास सांगूं काय?

उत्तर 'नाहीं' असेल, तर तें काम सोडून द्यावें. 'होय' असेल, तर वडीलधाऱ्यांनीं कपाळाची आठी पुसावी आणि मुलानें निःशंकपणें पहिलें दार ठोठवावें. वर्षानें त्याच दारांत त्याचें स्वागत झालें, तर त्याचा व्यवसाय खरोखर सुरू झाला असें समजावें.