कृषी खात्याने पुन्हा बांधावर यावे

(कृषिदिनानिमित्त कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो. या दिवशी बळीराजाचे गुणगान पुष्कळ होते; परंतु ज्या खात्याने त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे, त्याचे परीक्षण क्वचितच होते. आज ते करू या.

शेतकऱ्याविषयी राजसत्तेचे कर्तव्य काय, हे या भूमीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. सुभेदाराने गावोगाव हिंडावे, कुणब्यांना गोळा करावे, ज्याच्यापाशी कसण्याचे बळ आहे पण बैल वा दाणे नाहीत त्याला ते मिळवून द्यावेत आणि वसुली त्याची ऐपत पाहून करावी, असा त्याचा आशय आहे. अधिकाऱ्याने स्वतः गावात जायचे, ही त्यातील आज्ञा आहे.

मुंबई इलाख्यात कृषी खाते जन्माला आले ते १८८३ मध्ये, दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर. स्वातंत्र्यानंतर त्याचा विस्तार झाला. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली आणि कोरड्या माळांवर आंबा, काजू, बोर, डाळिंब उभे राहिले. खात्याने मनावर घेतले तर काय घडते, याचा हा दाखला होय.

मग दुखणे कोठे आहे? शेतकऱ्याला विस्तार, फलोत्पादन, मृदसंधारण अशा वेगवेगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत म्हणून १९९८ मध्ये ‘एक खिडकी’ पद्धती आली. हेतू चांगलाच होता. परंतु हळूहळू ती खिडकी सल्ल्याची न राहता अनुदानाची झाली. लाभार्थ्यांच्या याद्या, पंचनामे, मोका तपासणी, छायाचित्रे, पोर्टलवरील नोंदी यांतच गावपातळीवरील कर्मचाऱ्याचा दिवस सरतो. मार्चअखेर किती निधी खर्ची पडला, यावर खात्याचे यश मोजले जाते. पीक कसे आले, हे विचारले जात नाही.

याची किंमत कोण मोजतो? १९७०-७१ मध्ये राज्यात सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. खातेदार ५० लाखांच्या आतून दीड कोटींवर गेले. बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. अशा अल्पभूधारकाला एक चुकीचा निर्णयही परवडत नाही. तरीही कोणते बियाणे, कोणते औषध, किती मात्रा, हे त्याला बहुधा दुकानाच्या गल्ल्यावरच कळते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यामागे अनेक कारणे होती. परंतु योग्य वेळी योग्य सल्ला बांधापर्यंत पोहोचण्याचे मोल त्या घटनेने सर्वांना शिकविले.

दोष सरसकट कर्मचाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांतील किडींची नियमित निरीक्षणे, त्यांवर विद्यापीठातील शास्त्रज्ञांचा विचार आणि शेतकऱ्याला वेळेवर सूचना, अशी साखळी याच खात्याने उभी केली. माणसे तीच होती; काम नेमके होते आणि ते मोजण्याचा निकषही नेमका होता.

सुधारणेची दिशा यातूनच दिसते. अनुदानवाटपाचे कारकुनी काम वेगळ्या यंत्रणेकडे द्यावे आणि कृषी विस्ताराचा कर्मचारी त्यातून मोकळा करावा. त्याच्या गावभेटींचे वार ठरवून ते चावडीवर लावावेत. रिक्त पदे भरावीत. त्याचे मूल्यमापन खर्चावर न करता जमिनीचा कस, पाण्याचा ताळेबंद आणि शेतकऱ्याचा घटलेला उत्पादनखर्च यांवर करावे. विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांच्याशी त्याचा संबंध कार्यशाळेपुरता न राहता हंगामभर असावा. २०२५ मध्ये शासनाने ‘कृषी सहायक’ हे पदनाम बदलून ‘सहायक कृषी अधिकारी’ असे केले. मान वाढला, याचा आनंदच आहे. आता कामाचे स्वरूपही बदलावे.

परंतु हे केवळ शासनावर सोपवून चालणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात २०१८ मध्ये सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पाला नानाजी देशमुखांचे नाव आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीच्या या सुपुत्राने राजकारण सोडून ग्रामविकासाला वाहून घेतले आणि चित्रकूट परिसरात सुशिक्षित दांपत्यांना गावात राहून काम करावयास लावले. लोकांमध्ये राहिल्याशिवाय लोकांचे काम होत नाही, हाच त्यांच्या जीवनाचा धडा. आपल्या गावच्या कृषी समितीत कार्यकर्त्याने बसावे. माती परीक्षण किती शेतांचे झाले, बियाण्यांची उगवणक्षमता पेरणीपूर्वी तपासली का, हे ग्रामसभेत विचारावे. चांगले काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. शहरातील कुटुंबांनीही आपल्या मूळ गावाशी एवढा संबंध जोडावा. जागा समाज असेल, तर खात्यालाही जागे राहावे लागते.

भारत माता की जय!