आक्कांचं इंजेक्शन आणि कोंबड्यांची पावडर

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांचं बोललो. आज औषधाचं बोलायचंय, पण सुरुवात आमच्या गटातल्या एका आक्कांपासून करते. त्यांना विचारूनच सांगतेय.

आक्का साठीच्या. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. गेल्या पावसाळ्यात बैठकीला आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, आणि ती वाटेत कुठं निघाली ते त्यांना कळलंच नव्हतं. पायाला मुंग्या वर्षभर येत होत्या. जीभ लाल, गुळगुळीत झालेली. थकवा होताच, पण थकव्याला आपण बायका दुखणं म्हणतच नाही. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. शेवटी तालुक्याला तपासणी केली, तर बी-बारा जीवनसत्त्व फार कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. आक्का म्हणाल्या, “न्हाई घेणार. ते जनावराच्या काळजातनं काढत्यात म्हणं. माळ घातलीय मी.”

मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. केलं ते राज्यशास्त्र घेऊन. मग वाचलं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. तेव्हा कळलं, आक्का अगदीच खोटं बोलत नव्हत्या. त्यांची माहिती फक्त पाऊणशे वर्षं जुनी होती.

पूर्वी एका जातीच्या पंडुरोगावर औषधच नव्हतं. माणूस पिवळा पडत जायचा आणि जायचा. 1926 साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की अशा रोग्याला रोज जवळजवळ पाव किलो काळीज खायला घातलं तर तो वाचतो. पुढं काळजाचा अर्क काढून देऊ लागले. पण त्या अर्कात नेमकं काय गुण देतं, हे वीस वर्षं कुणाला सापडलं नाही. कारण प्रत्येक नवा अर्क तपासायचा तर आजारी माणसालाच देऊन बघावा लागे.

हे कोडं सोडवायला मदत केली मेरी शॉर्ब नावाच्या बाईंनी. जीवाणूंचा, म्हणजे बॅक्टेरियांचा अभ्यास करणाऱ्या. डॉक्टरेट मिळालेली, पण मंदीच्या काळात त्या शिक्षणाला साजेसं काम नाही, मग पोरंबाळं, संसार. दुसऱ्या महायुद्धात सरकारी दुग्ध खात्यात नोकरी मिळाली. लढाई संपली, पुरुष परत आले आणि बाईंची नोकरी गेली! हे वाचताना मी हसले, पण बरं नाही वाटलं.

त्या नोकरीत त्यांच्याकडं एक जीवाणू वाढवायचं काम होतं. आपल्या दह्याच्या विरजणात असतात ना, त्यांच्याच कुळातला. हा पठ्ठ्या काळजाचा अर्क घातल्याशिवाय वाढायचाच नाही. बाईंच्या डोक्यात आलं, याला जे लागतंय तेच त्या रोग्यांना लागत असेल तर? मग माणसावर प्रयोग कशाला? काचेच्या नळीत अर्काचा थेंब टाका. गुणाचा पदार्थ जितका जास्त, तितकी जीवाणूंची वाढ, तितकं नळीतलं पाणी गढूळ. पुढं मेरीलँड विद्यापीठाच्या कोंबडीपालन विभागात त्यांना जागा मिळाली आणि मर्क या औषध कंपनीनं मदत केली. कंपनीचे शास्त्रज्ञ अर्क वेगळे करत गेले, बाईंची नळी कुठला खरा ते सांगत गेली. 1948 साली जाहीर झालं की लालचुटूक खडे हाती लागलेत. तेच बी-बारा. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे एक ग्रॅम एका माणसाला हजार वर्षं पुरेल.

आता आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर. त्याच वर्षी मर्कच्या लोकांना हे जीवनसत्त्व आणखी एका ठिकाणी सापडलं. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मातीतला एक जीवाणू तयार करतो. पहिल्या पावसाला मातीचा जो वास सुटतो, तो याच्याच भाऊबंदांचा. औषध बनवताना तो ज्या रसात वाढवतात, त्या रसात बी-बारासुद्धा होतं. तेव्हापासून काळजाची गरज संपली. आज गोळीतलं आणि इंजेक्शनातलं बी-बारा मोठमोठ्या टाक्यांमध्ये जीवाणूंकडूनच करून घेतात.

आणि काळजात तरी ते आलं कुठून? गाय, शेळी, कुठलंच जनावर बी-बारा बनवत नाही. झाडंही नाही. गाईच्या पोटातले जीवाणू ते बनवतात, तिथून ते काळजात आणि दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही बनवतात म्हणे, पण शरीरात शोषायची जागा त्याच्या आधी, लहान आतड्यात. पुढं बनलेलं मागं येत नाही.

म्हणून भाकरी, डाळ, पालेभाजी कितीही चांगली असली तरी त्यातून बी-बारा मिळत नाही. दुधातून मिळतं. पण आपल्याकडं दूध जातं डेअरीला आणि घरच्या बाईच्या वाट्याला येतं चहापुरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचं रक्त तपासलं, तर दोनतृतीयांश जणींमध्ये बी-बारा कमी होतं. नुसत्या लोह-फॉलिकच्या गोळ्यांनी याची भर निघत नाही. फॉलिकनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात. (गरोदरपणातल्या त्या गोळ्या मात्र बंद करू नका हं, त्या लागतातच.) मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असतील, तर डॉक्टरांना बी-बाराची तपासणी विचारा. उशीर झाला तर नसा पूर्ण भरून येतीलच असं नाही.

आता पावडरीचं. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

आमच्या गटानं कोंबड्या घेतल्या तेव्हा एका विक्रेत्यानं पुडी दिली. “व्हिटॅमिन आहे ताई, पाण्यात टाका, वजन भरतंय.” आम्ही तीन खेपा टाकलं. पुडीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते मीही नीट वाचलं नव्हतं. बी-बाराचं वाचायला लागले तेव्हा ती पुडी आठवली. बघितलं, तर जीवनसत्त्वाबरोबर त्यात अँटिबायोटिकही होतं.

ही जोडीसुद्धा त्याच काळातली. अमेरिकेत लेडर्ली नावाच्या कंपनीत, जिथं आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक निघालं. तेही मातीतल्या जीवाणूकडूनच. जुक्स आणि स्टॉकस्टॅड या दोघांनी त्याचा उरलेला चोथा बी-बारासाठी कोंबड्यांना घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्तच वाढली. चोथ्यात थोडं अँटिबायोटिक राहिलं होतं, त्यानं ही वाढ झाली होती. मग जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात ते मिसळायची रीत पडली. थोडं थोडं औषध रोज मिळालं की जीवाणू त्याला सरावतात, आणि खरा आजार झाला की औषध लागू पडत नाही. युरोपनं वाढीसाठीचा हा वापर 2006 पासून बंद केला. आपल्या सरकारनं 2019 साली कोलिस्टिन या औषधाला कोंबड्या-जनावरांसाठी बंदी केली, कारण ते माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं.

आपणही हेच करतो. अंग दुखलं की मेडिकलमधून दोन कॅप्सूल आणि एक बी-कॉम्प्लेक्स, “गरम पडू नये म्हणून”. एक अन्नाचा भाग, दुसरं जीवाणू मारायचं औषध, आणि आपल्या लेखी दोन्ही ‘गोळ्या’.

गटात पावडरीवरून भांडण झालं. दोघी म्हणाल्या, वजन घटलं तर हप्ता कोण भरणार? प्रश्न बरोबर होता. ही खेप पावडरीशिवाय काढली. पशुधन पर्यवेक्षकांच्या सांगण्यावरून लसीकरण वेळेवर केलं, तूस कोरडं ठेवलं. वजन थोडं कमी भरलं, पिल्लं जास्त मेली नाहीत. हप्ता गेला, नफा कमी राहिला. पुढच्या खेपेला काय करायचं, यावर अजून एकमत नाही.

आक्कांना मी सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाल्या, “म्हंजे मातीतनंच आलं की.” चार इंजेक्शनं झालीत. मुंग्या कमी आहेत, डाव्या अंगठ्याला अजून कळत नाही. पाचवं गुरुवारी आहे, मी सोबत जाणार आहे.